रक्तवाहिनीतली वाट कुणाच्या मालकीची?

मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि उपचार झाले नाहीत, तर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. लकव्याच्या उपचारात वेळेला एवढे महत्त्व का, हे या एका आकड्यावरून कळते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. गुठळी मोठी असेल तर नुसत्या इंजेक्शनने भागत नाही. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून एक बारीक तार आणि नळी आत सरकवायची, महाधमनीच्या कमानीवरून वळवून मानेतून मेंदूपर्यंत न्यायची आणि गुठळी बाहेर काढायची, हा उपाय २०१५ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचण्यांनंतर जगभर मान्य झाला. निवडक रुग्णांमध्ये तो २४ तासांपर्यंतही करता येतो. पण जितका लवकर, तितका फायदा जास्त.

आता भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले करडी गाव डोळ्यांसमोर आणा. पहाटे एखाद्याचे तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळू लागले. घरचे लोक गाडी शोधणार, जवळचा दवाखाना गाठणार, तिथून भंडारा आणि पुढे नागपूर. भंडारा ते नागपूर हेच अंतर साठेक किलोमीटर आहे. इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात देता येईलही. पण मेंदूपर्यंत नळी नेणारे सराईत हात मोठ्या शहरातच सापडतात. असे हात तयार व्हायला वर्षे लागतात आणि ते प्रत्येक जिल्ह्यात पोहोचतील, अशी चिन्हे आज तरी नाहीत.

म्हणून जगभरचे अभियंते वेगळ्या दिशेने विचार करत आहेत. नळी पुढे ढकलणारे यंत्र असावे, शरीरातली वाट त्याने स्वतः शोधावी, वळणावर कुठे थांबायचे, किती फिरवायचे, कधी मागे घ्यायचे हे त्याने शिकून घ्यावे आणि तज्ज्ञाने दूर बसून लक्ष ठेवावे. ‘मशिन लर्निंग’ने हे आवाक्यात आणले आहे. त्याबरोबर एक प्रश्नही आला आहे. शरीराच्या आतली वाट शोधण्याच्या या युक्तीवर पेटंट घेता येते का? प्रश्न वकिलांचा वाटतो. पण असे यंत्र उद्या भंडाऱ्याच्या रुग्णालयात येईल की नाही आणि आले तर कोणत्या किमतीला, हे बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर ठरणार आहे.

यंत्र वाट कशी शोधते

सीटी अँजिओग्राफीतून रक्तवाहिन्यांचा त्रिमितीय नकाशा मिळतो. संगणक प्रत्येक वाहिनीची मध्यरेषा काढतो. जिथे फाटा फुटतो तो झाला चौक आणि दोन फाट्यांमधला भाग झाला रस्ता. अशा जाळ्यातून सर्वांत जवळची वाट कशी काढायची, याचे गणित जुने आहे. नेदरलँड्सचे एड्सगर डाइक्स्ट्रा यांना ते १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये कॉफी पिताना वीसेक मिनिटांत सुचले. १९५९ मध्ये त्यांनी ते छापून सर्वांसाठी खुले केले. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत यंत्रमानवासाठी त्यात सुधारणा झाली. आज मोबाइलवरचा नकाशा करडीहून नागपूरची वाट दाखवतो, ते गणित याच कुळातले.

पण शरीर म्हणजे डांबरी रस्त्यांचे शहर नव्हे. श्वासाबरोबर छाती हलते, ठोक्याबरोबर हृदय हलते. उतारवयात आणि वर्षानुवर्षे रक्तदाब असलेल्यांच्या रक्तवाहिन्या नागमोडी होतात. तार आत गेली की वाहिनीचाच आकार बदलतो. जांघेपाशी तार एक सेंटीमीटर पुढे ढकलली म्हणून टोकही एक सेंटीमीटर पुढे जाईल असे नाही. ते मध्ये अडकते, तारेत ताण साठतो आणि मग टोक एकदम उडी घेते. ती उडी चुकीच्या जागी पडली तर वाहिनीची भिंत फाटू शकते. अनुभवी डॉक्टरला हा ताण बोटांना जाणवतो. कागदावरच्या गणिताला तो जाणवत नाही.

मशिन लर्निंग ही उणीव भरून काढू पाहते. त्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीत यंत्राला संगणकातल्या नकली रक्तवाहिन्यांत लाखो वेळा सोडतात. टोक ठिकाणावर पोहोचले की गुण, भिंतीवर आपटले की दंड. चुकत-चुकत ते शहाणे होते. दुसरीत यंत्र जाणत्या डॉक्टरांच्या हालचालींच्या नोंदी पाहून त्यांचे अनुकरण करते. अनेक ठिकाणी दोन्ही रीती एकत्र वापरतात.

काही प्रयोग खूप पुढे गेले आहेत. २०१९ मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयातल्या गटाने जिवंत डुकराच्या धडधडत्या हृदयात नळीला स्वतःहून वाट काढायला लावली. नळीच्या टोकावर छोटा कॅमेरा होता आणि समोर रक्त आहे, स्नायू आहे की झडप, हे ओळखायला ती शिकली होती. अंधारात भिंत चाचपत जावे, तशी ती कडेकडेने गेली. २०२३ मध्ये अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गटाने जिवंत डुकराच्या फुप्फुसात वळू शकणारी सुई रक्तवाहिन्या चुकवत ठरलेल्या जागी पोहोचवली. भारतात ५ डिसेंबर २०१८ रोजी डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात बसून सुमारे ३२ किलोमीटर दूर, अहमदाबादच्या रुग्णालयातल्या रुग्णाची अँजिओप्लास्टी यंत्राच्या मदतीने केली. तिथे वाट यंत्राने शोधली नव्हती, ती डॉक्टरनेच शोधली होती. अंतर मात्र आडवे आले नाही. माणसाच्या शरीरात यंत्राने स्वतःच्या बुद्धीने नळी चालवणे अजून रोजच्या उपचारात आलेले नाही. तरी त्यावरच्या हक्कांची आखणी आताच सुरू झाली आहे, कारण पेटंट यंत्र बाजारात येण्याच्या बरेच आधी मागितले जाते.

पेटंट म्हणजे काय आणि काय नव्हे

पेटंट हा समाज आणि संशोधक यांच्यातला सौदा आहे. संशोधकाने आपला शोध उघड करून सांगायचा, त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे इतरांना तो परवानगीशिवाय वापरता येत नाही. त्यानंतर तो सर्वांचा. शोध नवा हवा, त्या विषयातल्या जाणकारालाही सहज सुचणार नाही असा हवा आणि प्रत्यक्ष उपयोगात आणता येईल असा हवा. पेटंट देशागणिक वेगळे असते. अमेरिकेत मिळालेले पेटंट भारतात आपोआप लागू होत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ‘पेटंट मिळालेले यंत्र’ म्हणजे सुरक्षित यंत्र नव्हे. पेटंट कार्यालय शोधाचे नवेपण तपासते. रुग्णाला त्याचा फायदा होतो की अपाय, हे तपासत नाही. ते काम औषध नियंत्रकांचे आहे. भारतात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली ते चालते आणि १ एप्रिल २०२० पासून उपचारासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअरही उपकरणाच्या व्याख्येत आले आहे. जाहिरातीत ‘पेटंटेड’ हा शब्द दिसला तर त्याचा अर्थ मालकी एवढाच घ्यावा.

कायद्यातले दोन अडसर

भारताचा पेटंट कायदा १९७० चा आहे. कशाला ‘शोध’ म्हणायचे नाही, याची यादी त्याच्या तिसऱ्या कलमात आहे. शरीरातली वाट शोधणाऱ्या यंत्राला त्यातल्या दोन अडसरांमधून जावे लागते.

पहिला अडसर कलम ३(आय) चा. माणसावरच्या औषधोपचाराची, शस्त्रक्रियेची, रोग ओळखण्याची किंवा रोग टाळण्याची कोणतीही प्रक्रिया भारतात पेटंटयोग्य नाही. यामागचा विचार साधा आहे. रुग्ण टेबलावर असताना ‘हा टाका असा घालण्याचा हक्क कुणाकडे आहे’ असा प्रश्न डॉक्टरला पडता कामा नये. अमेरिकेत तो खरोखर पडला होता. ॲरिझोनातले नेत्रतज्ज्ञ डॉ. सॅम्युअल पॅलिन यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत टाक्यांची गरज पडू नये अशा छेदाच्या पद्धतीवर १९९२ मध्ये पेटंट मिळवले आणि व्हरमाँटमधले दुसरे नेत्रतज्ज्ञ डॉ. जॅक सिंगर यांच्यावर दावा लावला. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या. १९९६ मध्ये त्या पेटंटमधले वादाचे दावे निकालात निघाले आणि त्याच वर्षी अमेरिकेने कायदा बदलला. शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर तिथे आजही पेटंट मिळू शकते, पण ती वापरली म्हणून डॉक्टरकडून किंवा त्याच्या रुग्णालयाकडून भरपाई मागता येत नाही. युरोपने भारतासारखाच मार्ग धरला आहे. तिथे शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर पेटंट नाही, शस्त्रक्रियेच्या उपकरणावर मात्र मिळते.

दुसरा अडसर कलम ३(के) चा. गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि ‘केवळ’ संगणक प्रोग्रॅम यांना पेटंट नाही. यातल्या ‘केवळ’ या एका शब्दावर वीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहेत. केवळ प्रोग्रॅमला नाही, तर मग प्रोग्रॅम आणि आणखी काही असेल तर? २००४ च्या अखेरीस सरकारने वटहुकूम काढून ही तरतूद सैल करायचा प्रयत्न केला होता. संसदेने २००५ मध्ये कायदा करताना तो बदल स्वीकारला नाही आणि मूळचे शब्द कायम राहिले. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फेरीद अल्लानी यांच्या खटल्यात सांगितले की, शोधात संगणक प्रोग्रॅम आहे एवढ्यावरून तो नाकारता येणार नाही. त्यातून काही ‘तांत्रिक परिणाम’ साधतो का, ते पाहायला हवे.

हे शरीरातल्या वाटेला लावून पाहू. समजा, चार कंपन्यांनी चार अर्ज केले. पहिलीने लिहिले, ‘नळी अमुक मार्गाने मेंदूत नेऊन गुठळी काढण्याची पद्धत.’ ही उपचाराची प्रक्रिया झाली. ३(आय) मध्ये अडकेल. दुसरीने लिहिले, ‘जाळ्यातून कमीत कमी धोक्याची वाट काढण्याचे सूत्र.’ हे गणित झाले. ३(के) मध्ये अडकेल. तिसरीने लिहिले, ‘नेहमीच्या संगणकावर नेहमीचे न्यूरल नेटवर्क घेऊन त्याला रक्तवाहिन्यांचे स्कॅन शिकवले.’ इथेही दार बहुधा बंदच राहील, कारण जुने साधन नव्या ठिकाणी वापरण्यापलीकडे त्यात काही नाही. अमेरिकेतल्या अपील न्यायालयानेही एप्रिल २०२५ मध्ये दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकाविषयीच्या एका खटल्यात असेच म्हटले. रुळलेले मशिन लर्निंग नव्या क्षेत्रातल्या माहितीला लावले, एवढ्यावर पेटंट मिळणार नाही. चौथीने लिहिले, ‘टोकावर दाब मोजणारा सेन्सर असलेली नळी, ती फिरवणारी मोटर आणि त्या दाबावरून टोकाची उडी आधीच ओळखून मोटर थांबवणारी शिकलेली नियंत्रण यंत्रणा.’ इथे गणित हवेत राहत नाही. ते एका वस्तूला आवरते आणि वाहिनीच्या भिंतीवरचा जोर कमी करते. हे खरोखर नवे असेल, तर या अर्जाला पेटंट मिळण्याची शक्यता चांगली आहे. युरोपच्या पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शिकेतही असेच एक उदाहरण आहे. अनियमित ठोके ओळखण्यासाठी हृदयावर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणात वापरलेले न्यूरल नेटवर्क तिथे तांत्रिक योगदान मानले जाते.

म्हणजे शरीरातल्या वाटेवर पेटंट मिळत नाही. वाटेवरून चालवण्याच्या डॉक्टरी रीतीवर मिळत नाही. वाट काढण्याच्या गणितावरही मिळत नाही. मिळू शकते ते वाटेवरून चालणाऱ्या यंत्रावर. ही रेषा शहाणपणाची आहे. अडचण एवढीच की चांगला वकील पहिल्या तीन अर्जांना चौथ्याचा अंगरखा चढवू शकतो. ‘पद्धत’ हा शब्द काढून ‘प्रणाली’ लिहिले, शेवटी ‘प्रोसेसर आणि मेमरी’ जोडली की अर्ज यंत्राचा दिसू लागतो. आत काय आहे, ते पाहणे तपासनीसाचे काम आहे, आणि जागरूक नागरिकांचेही.

हळदीचा धडा

महाराष्ट्राला या बाबतीत एक जुना धडा माहीत आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम बरी करण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने ते पेटंट अमेरिकेतच आव्हान दिले. ‘आमच्या घरोघरी हे चालते’ एवढे म्हणून भागणार नव्हते. छापील पुरावा हवा होता. परिषदेने बत्तीस संदर्भ गोळा करून सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

शिकणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत या धड्याचे महत्त्व वाढते. ही यंत्रे कुणाकडून शिकतात? ‘अडली तर किंचित मागे घे, अर्धा फेरा दे आणि मग ढकल’ ही गोष्ट कॅथलॅबमध्ये वरिष्ठ डॉक्टर कनिष्ठाला वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. अँजिओप्लास्टीच्या यंत्रांमध्ये अशा हातांच्या लकबी सॉफ्टवेअरने उतरवून घेण्याचे काम आधीच झाले आहे. त्यातले यंत्र नवे असेल. लकब नवी नाही. पण ती कुठे लिहूनच ठेवलेली नसेल, तर तपासनीसाला ती नवीच वाटेल. हळदीचे ज्ञान ग्रंथांत होते म्हणून ते पेटंट पडले. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांनी आपल्या युक्त्या शोधनिबंधांत, परिषदांत, व्हिडिओंत तारखेनिशी नोंदवून ठेवल्या, तर उद्या कुणी त्यांवर मालकी सांगितली तेव्हा तोच पुरावा ठरेल.

आक्षेप घ्यायला कंपनीच असावे लागते असेही नाही. भारतात पेटंट मिळण्याआधी अर्जावर कोणीही आक्षेप नोंदवू शकते. क्षयाच्या औषधाच्या दुष्परिणामाने ऐकण्याची शक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह २०१९ मध्ये असा आक्षेप घेतला. बेडाक्विलिन या क्षयाच्या औषधावरची मक्तेदारी लांबवू पाहणारा तो अर्ज होता. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो फेटाळला. क्षयातून बऱ्या झालेल्या दोन तरुणींनी मांडलेली बाजू एका बलाढ्य कंपनीसमोर टिकली.

बंद पेटीतले ज्ञान

मशिन लर्निंगने पेटंटच्या मूळ सौद्यालाच एक नवी अडचण आणली आहे. शोध उघड करा आणि हक्क घ्या, असा तो सौदा. अर्जदाराने शोधाचे पूर्ण वर्णन करावे आणि तो अमलात आणण्याची स्वतःला माहीत असलेली उत्तम रीत सांगावी, असे आपल्या कायद्याचे दहावे कलम म्हणते. झडप किंवा स्टेंटचे चित्र काढून माप सांगता येते. शिकलेल्या यंत्राचे शहाणपण मात्र लाखो आकड्यांत विखुरलेले असते आणि ते आकडे कोणत्या रुग्णांच्या स्कॅनवरून आले, यावर सगळे अवलंबून असते. अर्जात नुसते ‘न्यूरल नेटवर्कला रक्तवाहिन्यांच्या प्रतिमांवर शिकवले’ असे लिहिले, तर दुसरा कुणी जाणकार ते वाचून यंत्र उभे करू शकणार नाही. मग वीस वर्षांचा हक्क देऊन समाजाच्या हाती काय पडले?

डॉक्टर आणि रुग्णासाठी ही जिवाची बाब आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि भंडारा त्या पट्ट्यातच येतो. या आजारात मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या बालपणीच अरुंद होऊ शकतात आणि लहान वयात लकवा येऊ शकतो. परदेशातल्या साठीच्या रुग्णांचे स्कॅन पाहून शिकलेल्या यंत्राने सिकलसेल असलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या अरुंद वाहिनीत नळी कशी चालवावी? त्याने असा रस्ता पाहिलेलाच नसेल. यंत्र कोणत्या रुग्णांवर शिकले, त्यांचे वय काय, आजार कोणते, हे अर्जात लिहिणे सक्तीचे केले, तर पेटंटचा सौदा खरा होईल आणि डॉक्टरलाही यंत्राची मर्यादा कळेल.

इथेच दुसरा प्रश्न येतो. आपल्या रुग्णांचे स्कॅन यंत्राला शिकवायला दिले पाहिजेत. नाही दिले तर यंत्र आपल्याला कायमचे परके राहील. पण ते कोणत्या अटीवर? डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. तो रुग्णाच्या संमतीविषयी बोलतो. शिकून तयार झालेल्या यंत्रात रुग्णालयाचा वाटा किती, याविषयी बोलत नाही. ते करारात लिहून घ्यावे लागते. सरकारी रुग्णालयाने हजारो स्कॅन देताना ‘तयार होणारे यंत्र राज्यातल्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या दरात मिळेल’ ही एक ओळ लिहून घेतली नाही, तर नंतर ती मागायला जागा उरत नाही.

मक्तेदारी आणि किंमत

या सगळ्यावरून पेटंट नकोच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. रक्तवाहिनीत चालणारे यंत्र बनवायला आणि त्याच्या चाचण्या घ्यायला अनेक वर्षे आणि मोठा पैसा लागतो. आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये सुरू झालेले ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने उभे राहिले. नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीमध्ये त्याच्या शाखा निघाल्या. अशा ठिकाणी डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसून उपकरणे घडवतात. उद्या नागपूरच्या चार मुलांनी स्वस्त आणि चांगली नळी बनवली आणि तिच्यावर पेटंट नसेल, तर मोठी कंपनी ती उचलून पहिल्याच वर्षी त्यांना बाजाराबाहेर काढेल. लहान संशोधकाला पेटंट हेच कुंपण असते.

शिवाय पेटंट दिले तरी समाजाचे हात बांधले जात नाहीत. मार्च २०१२ मध्ये पेटंट महानियंत्रकांनी बायर कंपनीच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधासाठी हैदराबादच्या नॅटकोला सक्तीचा परवाना दिला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळणारे औषध सुमारे ८,८०० रुपयांवर आले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावरही वस्तू लोकांना परवडणाऱ्या दरात किंवा पुरेशी मिळत नसेल, तर असा परवाना मागता येतो. कायद्याच्या ४७ व्या कलमाने सरकारला स्वतःच्या वापरापुरते पेटंट असलेले यंत्र बनवण्याची किंवा आयात करण्याची मुभाही ठेवली आहे. किमतीचे वेगळे शस्त्र तर पेटंट कायद्याबाहेरच आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी औषधलेपित स्टेंटसाठी लाखाच्या वर मोजणारे रुग्ण कमी नव्हते.

या शस्त्रांनाही एक मर्यादा आहे. गोळी दुसऱ्या कंपनीला बनवता येते, कारण तिचे रसायन पेटंटमध्ये लिहिलेले असते. शिकलेल्या यंत्राचे शहाणपण पेटंटमध्ये लिहिलेच नसेल, तर सक्तीचा परवाना मिळूनही दुसरा कुणी ते यंत्र तसेच बनवू शकणार नाही. कंपनीने एखादे उत्पादन नफा नाही म्हणून बंद केले, तर मागे रिकामे पेटंट तेवढे उरेल. अहमदाबादच्या त्या रुग्णावर वापरलेले यंत्र ज्या कंपनीचे होते, ती २०१९ मध्ये एका मोठ्या उद्योगसमूहाने विकत घेतली आणि २०२३ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठीचा तो व्यवसाय थांबवण्याचे जाहीर केले. म्हणून अर्जाच्या वेळीच पुरेसे उघड करून घेणे महत्त्वाचे. ती वेळ गेली की नंतरचे सगळे उपाय दुबळे पडतात.

आता करण्यासारखे

पेटंट कार्यालयाने अशा अर्जांत दोन गोष्टींवर अडून बसावे. एक, गणित कोणत्या वस्तूला कसे आवरते आणि त्याने रुग्णाच्या शरीरात काय बदलते, हे अर्जातून स्पष्ट व्हावे. दोन, यंत्र कोणत्या माहितीवर शिकले, ते नोंदवले जावे. वैद्यकीय महाविद्यालयांनी आपल्या कॅथलॅबमधल्या युक्त्या लिहून, चित्रित करून प्रसिद्ध कराव्यात. रुग्णालयांनी स्कॅन देताना संमती, दर आणि उपलब्धता या तिन्ही गोष्टी करारात आणाव्यात. लोकप्रतिनिधींनी नव्या यंत्राच्या उद्घाटनाला जाण्याआधी त्याचा करार एकदा वाचायला मागवावा.

आणि घरोघरी लक्षात ठेवावे असे एक काम आहे, त्याला कोणतेही यंत्र किंवा पेटंट लागत नाही. चेहरा वाकडा झाला, एका हातातली ताकद गेली, बोलणे अडखळले, यांतले एक लक्षण जरी अचानक दिसले तरी ते पहिल्यांदा कधी दिसले ती वेळ लिहून ठेवावी आणि १०८ ला फोन करावा. चोळत बसू नये, सकाळ व्हायची वाट पाहू नये, पाणी किंवा गोळी तोंडात घालू नये. रक्तवाहिनीत नळी माणसाने चालवली काय किंवा यंत्राने, रुग्ण वेळेत पोहोचला तरच तिचा उपयोग आहे.